चावडीवरच्या रेडिओपासून घरातल्या रिचार्जपर्यंत

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण वाचा नक्की, कारण विषय तुमच्या-माझ्या खिशाचा आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात मी सातबारा काढायला गेलो होतो. पुढे एक बाई बसलेल्या, मांडीवर लेकरू. लाडक्या बहिणीची ई-केवायसी करायची होती. स्वतःचा ओटीपी आला, पण नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी लागतो. नवरा कोयत्यावर गेलेला, दोनशे किलोमीटर लांब. त्याच्या फोनचा रिचार्ज संपून बरेच दिवस झालेले. ओटीपी काही येईना.

केंद्रातला पोरगा म्हणाला, "मावशी, आधी दादांचा रिचार्ज करा, मग बघू."

मावशींनी पदराची गाठ सोडली, तीनशे रुपये मोजले. तेव्हा कुठे दीड हजाराची वाट मोकळी झाली.

घरी येताना मी हिशेब करत होतो. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली. म्हणजे एक रिचार्ज म्हणजे जवळजवळ एका दिवसाची हजेरी. प्लॅन २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. एका फोनसाठी १३ दिवस खोदकाम. घरात दोन फोन असतील तर २६ दिवस. आणि हा खर्च आता हौसेचा राहिलेला नाही. रेशन, पीकपेरा, शाळेचा प्रवेश, बहिणीचे पैसे, सगळं त्याच फोनवर.

मग डोक्यात प्रश्न आला. गरिबाच्या घरातल्या इंटरनेटच्या खर्चाला सरकारने हातभार लावावा, असं कधी कोणाला वाटलंच नाही का? शोधत गेलो तर धागा थेट १९५६ पर्यंत मागे गेला, आणि तोही आपल्याच जिल्ह्यात.

आधी माझ्या लहानपणीचं सांगतो. सत्तरच्या दशकात आमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत एक रेडिओ होता आणि बाहेर भिंतीला कर्णा. संध्याकाळी बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांचा कार्यक्रम. म्हातारी माणसं पारावर बसून ऐकायची, आम्ही पोरं उगाच भोवती घुटमळायचो. कोणाच्या घरी स्वतःचा रेडिओ असेल तर त्याला पोस्टात जाऊन दर वर्षी लायसनची फी भरावी लागे. आजच्या पोरांना हे खोटं वाटेल. ती फी पुढे १९८० च्या दशकात बंद झाली. म्हणजे बघा, चावडीवर ऐकलं तर फुकट, घरात ऐकलं तर सरकारला पैसे. ही रीत लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

चावडीवरच्या या रेडिओमागे एक मोठा प्रयोग होता. १९५६ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या चार वर्षं आधी, आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, उत्तर सातारा आणि आपलं अहमदनगर. सुमारे दीडशे गावं. कल्पना कॅनडातून आलेली, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालत होती. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसं एकत्र बसायची, कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर बोलायची. मंडळाचा एक निमंत्रक असे. तो चर्चेत निघालेले प्रश्न लिहून केंद्राला पाठवी आणि त्या प्रश्नांची उत्तरं रेडिओवरून येत.

या प्रयोगाचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेने केला. अभ्यास करणारा माणूस होता पॉल न्यूराथ, मूळचा ऑस्ट्रियाचा, नाझींच्या छळछावणीतून वाचलेला समाजशास्त्रज्ञ. त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. त्याने मंडळं असलेल्या गावांची तुलना मंडळं नसलेल्या गावांशी केली. निष्कर्ष असा की जिथे लोक एकत्र ऐकून चर्चा करत होते तिथे शेतीचं ज्ञान भरपूर वाढलं, बाकी गावांत वाढ किरकोळ. पुढे १९५९ मध्येच ही मंडळं देशभर काढायची योजना सुरू झाली.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळी सरकारला काहीतरी सांगायचं होतं. खत कसं घालावं, उंदीर कसे मारावेत, वगैरे. सांगायची गरज सरकारची, म्हणून संच गावात पोचवायची सोयही सरकारने केली. शेतकऱ्याला कोणी म्हणालं नाही की बाबा, आधी रेडिओ विकत घे, मग आम्ही तुला शेती शिकवू.

रेडिओनंतर फोन आला. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदांचं नाव तेव्हा घरोघर झालं. गावाकडच्या धुळीत आणि उन्हात, एसीशिवाय चालेल असं छोटं टेलिफोन एक्स्चेंज त्यांनी बनवलं. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत सगळ्या गावांत फोन पोचवायचं ठरलं होतं. ते वेळेत झालं नाही. १९९९ ला नवं धोरण, नवी मुदत. तरी धोरण काय होतं बघा: गावात एक सार्वजनिक फोन. परत चावडीच. घरातला फोन ज्याचा त्याने बघायचा.

आता येतो पैशांवर. इथे जरा थांबून वाचा.

खाजगी कंपन्या टेलिफोनच्या धंद्यात आल्यावर सरकारला भीती होती की या फक्त शहरात कमावतील आणि खेड्याकडे बघणारही नाहीत. म्हणून १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी लागू झाला आणि २००३ च्या कायदा दुरुस्तीने त्याला वैधानिक आधार मिळाला. नियम साधा आहे. प्रत्येक कंपनीने आपल्या समायोजित महसुलाचे ५ टक्के या निधीसाठी द्यायचे. कंपनी ते कुठून देणार? तुमच्या-माझ्या बिलातूनच. त्या मावशींनी भरलेल्या तीनशे रुपयांत सुमारे ४६ रुपये जीएसटीचे आहेत, कारण दर १८ टक्के. आणि ढोबळ हिशेबाने आणखी १२-१३ रुपये या निधीचे. म्हणजे खेड्यातल्या गरिबाला सेवा मिळावी म्हणून असलेल्या निधीत खेड्यातली गरीब बाईच पैसे भरते.

हा पैसा आधी केंद्राच्या एकत्रित निधीत जातो आणि संसद मंजूर करेल तेवढा खर्चायला मिळतो. वर्षानुवर्षं जमा जास्त, खर्च कमी, असंच चाललं. सुरुवातीला कायद्यात फक्त साध्या टेलिफोनचा विचार होता, मोबाइल आणि ब्रॉडबँड नंतर, २००६ मध्ये आत आले. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने या निधीचं नाव बदललं, आता तो 'डिजिटल भारत निधी'.

याच निधीतून भारतनेट उभं राहिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं. तेव्हाचा अंदाज सुमारे २० हजार कोटी, उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. रस्त्याच्या कडेने खणलेले चर आणि त्यात टाकलेली केबल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजना आली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची. पण मूळ आराखडा काय होता? तार कुठपर्यंत? ग्रामपंचायतीपर्यंत. तिसऱ्यांदा चावडी!

सुधारित योजनेत पहिल्यांदा घराचा विचार आहे. पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती फायबर जोडण्या द्यायच्या, असं उद्दिष्ट आहे. चांगलं आहे. पण तार घरात आली तरी महिन्याचं बिल राहतंच.

आणि बिलाचा विचार सरकारी कागदावर झालेला आहे, हे मला शोधताना कळलं. ३१ ऑगस्ट २०२१ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ब्रॉडबँड वाढवण्याबाबत केंद्र सरकारला शिफारशी दिल्या. त्यात अशी सूचना होती की ग्रामीण भागातल्या घरगुती ब्रॉडबँड ग्राहकाला महिन्याच्या बिलाची निम्मी रक्कम, जास्तीत जास्त २०० रुपये, थेट खात्यात परत द्यावी. आधी प्रायोगिक तत्त्वावर करून बघावं. याच शिफारशींमध्ये ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करावा, असंही होतं. वेगाचं मान्य झालं, २०२३ च्या जानेवारीत व्याख्या बदलली. दोनशे रुपयांची योजना मात्र आपल्या दारापर्यंत काही आली नाही. व्याख्या बदलायला पैसे लागत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

आता शिफारस झाली तो काळ आठवा. २०२० चा मार्च, शाळा बंद. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली, ती खूप पोरांना उपयोगी पडली. कारण सरळ आहे, टीव्हीला डेटा लागत नाही. पण गुरुजींचा वर्ग मोबाइलवर. घरात एक फोन, पोरं तीन, आणि फोन बापाबरोबर शेतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरात ४२ टक्के. महामारी या पायावर येऊन आदळली. अकोल्याच्या डोंगरात पोरं रेंज शोधायला टेकडीवर चढायची, तो प्रश्न टॉवरचा. पण आमच्याकडे रेंज होती, रिचार्ज नव्हता. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि आपले पुढारी फक्त पहिल्यावर बोलतात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्याचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हाचे महसूल मंत्री संगमनेरचे बाळासाहेब थोरात, त्यांच्यानंतर त्या खात्यावर आले लोणीचे राधाकृष्ण विखे पाटील. दोघेही आपलेच. पूर्वी पीकपेरा तलाठी नोंदवायचा. आता शेतकऱ्याने बांधावर उभं राहून स्वतःच्या मोबाइलवरून फोटो काढून नोंद करायची. राहिलेल्या शेतांसाठी सहायकांची सोय नंतर झाली. योजना चांगली आहे, तलाठ्याची वाट बघायला नको, चुकीची नोंद नको. पण फोन कोणाचा? शेतकऱ्याचा. डेटा कोणाचा? शेतकऱ्याचा. अकरावीचे प्रवेशही २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. सरकारने कचेरी आपल्या घरात आणून ठेवली आणि तिचं भाडं आपण भरतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे. १९५६ ला सांगणं सरकारचं होतं, म्हणून रेडिओची सोय सरकारची. आज काम सरकारचं आहे, तर गरीब घराच्या बिलात सरकारचा वाटा हवा. ही खैरात नाही, कचेरीचा खर्च आहे.

मी हे पोस्टच्या आधी दोन-तीन मित्रांना बोलून दाखवलं. त्यांच्या शंका तुमच्याही मनात असतील.

एक जण म्हणाला, "सरकारने रिचार्ज मारून द्यायचा आणि लोकांनी रील्स बघायच्या का?" अहो, सरकारी रस्त्यावरून लोक जत्रेलाही जातात. म्हणून आपण रस्ता बंद करत नाही.

दुसरा म्हणाला, "डेटा जगात सगळ्यात स्वस्त आपल्याकडेच." २०१६ नंतर स्वस्त झाला हे खरं. पण जुलै २०२४ मध्ये बड्या कंपन्यांनी दर वाढवले, साधारण १० ते २५ टक्के. आणि स्वस्त-महाग हे मजुरीवरून ठरतं. पगारदाराला तीनशे रुपये म्हणजे एक हॉटेलचं जेवण, रोहयोवाल्याला पूर्ण दिवस.

तिसऱ्याची शंका खरी आहे: "अशा योजना टिकतात का?" यासाठी बाहेरची दोन उदाहरणं बघू.

केरळने केफॉन नावाचं सरकारी फायबर जाळं उभारलं, ५ जून २०२३ ला उद्घाटन झालं. दारिद्र्यरेषेखालच्या २० लाख कुटुंबांना मोफत इंटरनेट द्यायचं जाहीर केलं. पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघात १०० घरं, म्हणजे १४ हजार. २० लाखांपुढे १४ हजार फारच थोडे, टीका झाली ती योग्यच. पण एका राज्याने 'घर' हा शब्द कागदावर लिहिला, हे विसरू नका.

अमेरिकेत दोन योजना झाल्या. एक १९८५ पासूनची 'लाइफलाइन'. गरीब घराच्या फोनबिलात सूट, २०१६ पासून त्यात इंटरनेटही आलं. रक्कम छोटी, महिन्याला सव्वानऊ डॉलर. दुसरी महामारीनंतरची मोठी योजना, महिन्याला ३० डॉलर. तिच्यात सुमारे २ कोटी ३० लाख घरं होती. त्या मोठ्या योजनेचा पैसा एकरकमी मंजूर केलेला. तो संपला, पुढचा मंजूर झाला नाही, आणि १ जून २०२४ ला योजना बंद पडली. छोटी लाइफलाइन मात्र चालू आहे, कारण तिचा पैसा टेलिफोन कंपन्यांवरच्या कायमच्या आकारणीतून येतो.

धडा स्पष्ट आहे. निवडणुकीच्या तोंडावर दिलेलं अनुदान वाहून जातं, कायद्याने बांधलेली आकारणी टिकते. आणि आपल्याकडे ती आकारणी २००२ पासून आहेच! नवा कर नको, नवं कर्ज नको. घेतलेला पैसा ज्याच्या नावाने घेतला त्याच्यापर्यंत न्यायचा आहे.

महाराष्ट्राला हे जमतं, हेही सांगतो. १९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याने भोगला आहे. खडी फोडणाऱ्या बायका आमच्या आजीच्या गोष्टींत आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिला पैसा कुठून आणला? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला कापला जातो तो हाच. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुराला काम. पुढे २००५ मध्ये सगळ्या देशाने तसा कायदा केला. म्हणजे आकारणी बांधून गरिबाचा हक्क पक्का करण्याची वाट याच राज्याने दाखवली आहे.

एक अडचण मात्र आपल्यालाच मांडावी लागेल, दिल्लीला ती दिसणार नाही. ट्रायची शिफारस घरात तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडसाठी होती. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तितके महिने त्यांचं घर म्हणजे कारखान्याच्या आवारातली कोपी. बंद घरातल्या फायबरवर दोनशे रुपये सूट देऊन त्यांना काय मिळणार? त्यांच्यासाठी मदत सिमवरच्या रिचार्जवर लागेल. नाहीतर योजना येईल आणि सगळ्यात गरीब माणूस तिच्यातून नेमका सुटेल. दर वेळी हेच होतं.

म्हणून माझ्या मागण्या चार, साध्या:

१. ट्रायची २०२१ ची शिफारस बाहेर काढा. रेशनकार्डावरच्या प्राधान्य आणि अंत्योदय कुटुंबांपासून सुरुवात करा.

२. मदत तारेवर आणि मोबाइल रिचार्जवर, दोन्हीवर द्या. निवड कुटुंबाची.

३. पैसा डिजिटल भारत निधीतून, दर वर्षीच्या तरतुदीने. एकरकमी घोषणा नको.

४. ज्या सरकारी कामाला ओटीपी किंवा ॲप सक्तीचं आहे, त्या कामासाठी ग्रामपंचायतीत मोफत वायफाय आणि मदतीला माणूस असावा.

चौथा मुद्दा १९५६ ने शिकवला आहे. तेव्हा जिथे निमंत्रक होता, माणसं एकत्र बसत होती, तिथेच फरक पडला. नुसता संच ठेवून भागलं नाही. आज कित्येक ग्रामपंचायतींत भारतनेटची पेटी भिंतीवर आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. पेटी आहे, निमंत्रक नाही.

पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. आपल्या ग्रामपंचायतीत फायबर आलंय का? आलंय तर चालू आहे का? आणि बंद असेल तर किती दिवसांपासून? ग्रामसेवकांकडून उत्तर लेखी घ्या आणि ठरावात नोंदवा. बिलाच्या मदतीचा ठरावही त्याच सभेत मांडा. एका गावाच्या ठरावाने दिल्ली हलत नाही, मला माहीत आहे. पण चौदा तालुक्यांतून शे-दोनशे ठराव गेले तर निदान आपल्या खासदारांना संसदेत विचारायला कागद मिळेल.

त्या मावशी परत भेटल्या, मागच्या आठवड्यात, बाजारात. विचारलं, पैसे आले का? म्हणाल्या, "आले की भाऊ. पण यांचा रिचार्ज परत संपलाय."

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, खाली लिहा. गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका. मी यादी करतोय.